दोन वैमानिकांची दोन ताटं

विमानाच्या दाराशी राजेसाहेबांनी खडूने रेघ मारली आणि हुकूम सोडला, "जिचं डोकं या रेघेखाली राहील, ती मुलगी उद्यापासून विमानात नको. सावळी नको, गावाकडचं बोलणारीही नको. माझ्या विमानात सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत."

राजेसाहेब म्हणजे आमच्या विमान कंपनीचे मालक. गादी नव्हती, पण हुकूम तसेच असायचे. मी तिथल्या स्वयंपाकघरातला गणबा, ताटं भरून विमानात चढवणारा. त्या दिवशी माप घ्यायची टेप माझ्या हातात आली. एवढा मान कधी मिळाला नव्हता, म्हणून मी छाती काढून उभा राहिलो. छाती काढूनही माझं डोकं रेघेच्या वीतभर खाली होतं, हे सगळ्यांना दिसत होतं, मला सोडून.

सात मुली बाद झाल्या. त्यांना सामान चढवायच्या खात्यात धाडायचं ठरलं. सातवी कुसुम मडावी, गडचिरोलीकडची. चार वर्षं विमानात प्रवाशांची देखभाल करत होती. उंची बेताची, रंग सावळा, बोलणं तिकडचं. बिचारी तिन्हीत नापास.

"साहेब," ती म्हणाली, "विमानात सगळंच एकसारखं पाहिजे का जी?"

"सगळंच. सीट एक, गणवेश एक, चहा एक. मी मुद्दाम दोन तऱ्हा ठेवल्यात, अशी एक तरी जागा दाखव. दाखवलीस तर सातही जणी विमानात. नाही दाखवलीस तर या सहा जणींना घेऊन तूच बॅगा उचलायला जा. विमान सुटायला अर्धा तास आहे."

कुसुम माझ्याकडे वळली. "गणबाकाका, वैमानिकांची ताटं चढवली का?"

"चढवली की. पनीरचं कॅप्टनला, वरण-भाताचं त्याच्या जोडीदाराला."

"दोघांना वेगळं कशापायी?"

"अगं, कॅप्टन मोठा माणूस. मोठ्याला पनीर. धाकट्यानं वरण-भात खावा आणि मोठं व्हायची वाट बघावी."

बावीस वर्षं मी हेच समजत होतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शिकवतही होतो.

सगळे हसले. कुसुमनं दोन्ही ताटं आणून राजेसाहेबांपुढे ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचा कागद काढून आणला. तो कागद मी रोज पुसायचो. वाचायचा असतो, हे कधी सुचलं नाही.

"साहेब, दोन्ही वैमानिकांना एकच जेवण कधी द्यायचं नाही, असं लिहिलंय. खाली सही तुमची. असं का जी?"

"एवढंही कळत नाही? दोघांनी एकच खाल्लं आणि ते नासलेलं निघालं, तर दोघंही एकदम आडवे होतील. वेगळं असलं म्हणजे एक तरी शुद्धीवर राहतो, विमान उतरवतो."

"मग आमचंही तसंच आहे, साहेब. मागच्या मंगळवारी विमान वर असताना एका म्हातारीला धाप लागली. तिला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. तुमच्या रेघेत बसणाऱ्या तिघी शेजारी उभ्या होत्या, तिघीही एकदम गप्प. औषध कुठल्या पिशवीत आहे ते मी गोंडीत विचारलं, तेव्हा सापडलं. आम्हा सगळ्यांना एकाच ताटातलं करून ठेवाल, तर एक दिवस सगळ्याच एकदम आडव्या होऊ."

राजेसाहेबांनी एकदा ताटांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या सहीकडे. मग माझ्याकडे.

"मोठ्याला पनीर, होय रे गणबा?"

आणि ते असे हसले की त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं. हसता हसताच त्यांनी कोटाच्या बाहीनं रेघ पुसून टाकली. सातही जणी विमानात चढल्या, आणि नवीन मुली निवडायचं काम त्या दिवसापासून कुसुमकडे आलं.

"आणि गणबाकाकांना काय?" तिनं विचारलं.

"त्याला ही दोन्ही ताटं. वैमानिकांना दुसरी पाठवा."

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून दोन्ही संपवली. खरं सांगतो, वरण-भातच जास्त चवदार होता.