सुई आणि अडकित्ता

एकदा एक गलबत तांदूळ, नारळ आणि मिरी भरून कोकणातल्या एका बंदरातून मस्कतेला निघाले. गोष्ट चारेकशे वर्षांपूर्वीची आहे. दर्या तेव्हाही कुणाच्या मालकीचा नव्हता, पण फिरंग्यांचे मत जरा वेगळे होते. त्यांचा परवाना जवळ नसला की ते भर समुद्रात जहाज अडवीत, माल उतरवून घेत आणि लहर आली तर जहाजच पेटवून देत. या गलबताकडे परवाना नव्हता. म्हणून तांडेलाने किनारा सोडून खोल समुद्रातली वाट धरली होती.

तांडेल वृद्ध होता. तारे, वारा, पाण्याचा रंग आणि पाखरांचे थवे एवढ्या विद्येवर त्याने आयुष्यभर जहाजे हाकली होती. ही विद्या शिकायला त्याच्याजवळ हरबा नावाचा शिष्य होता. तरणाबांड, हुशार, पण अतोनात संशयी. त्याला नावे ठेवायची घाई करू नका. त्याच्या बापाचे गलबत फिरंग्यांनी जाळले होते आणि त्या गलबतावरच्याच एका परक्या उतारूने फितुरी केली होती. तेव्हापासून अनोळखी माणूस दिसला की हरबाच्या कपाळाला आठी पडायचीच.

आणि या खेपेला नेमका एक अनोळखी माणूस गलबतावर होता. आर्मेनी व्यापारी. नांगर उचलता उचलता आला, मोडक्यातोडक्या मराठीत मस्कतेपर्यंत न्या म्हणाला आणि भाड्याऐवजी त्याने तांडेलापुढे पितळेची एक पेटी ठेवली. पेटीला वर काच, आत एक बारीक सुई. पेटी कशीही फिरवली तरी सुई हळूहळू फिरून आपली उत्तरेकडे तोंड करून उभी राही. असल्या सुया दर्यावर इतरांकडे होत्या, तांडेलाने एका अरबाच्या जहाजावर पाहिलीही होती. या गलबतावर मात्र ती पहिलीच.

"एवढी मोलाची वस्तू कशाला देतोस?" हरबाने विचारले.

"माझा समुद्र संपला," व्यापारी म्हणाला. "आता घरी. घरी डोंगर आहेत, मुलगी आहे. सुई काय करू?"

हरबाला हे काही पटले नाही. फुकट कोण काय देतो?

पहिल्या संध्याकाळी ध्रुव दिसू लागला तेव्हा तांडेलाने सुई त्याच्याशी ताडून पाहिली. बरोबर निघाली. म्हातारा खूश झाला आणि त्याने पेटी सांभाळायचे काम हरबाकडे दिले. व्यापारी जवळ आला आणि समजावू लागला, "एक गोष्ट ध्यानात ठेव. लोखंड जवळ नको. लोखंड आले, सुई बिघडते."

झाले. हरबाच्या मनात जे काय व्हायचे ते इथेच झाले. बाळंतिणीच्या उशाखाली कोयता का ठेवतात, तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्याच्या खिशात खिळा का असतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होते. लोखंडाला काय भिते, ते आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ती सुई सदा थरथरत असे, तेही त्याने पाहिले होते. आत काहीतरी कोंडलेले आहे अशी त्याची खात्रीच पटली.

निघताना आईने आपला जाडजूड लोखंडी अडकित्ता त्याच्या कमरेला खोचून दिला होता. दर्यावर वाईटसाईट काही अंगाला लागू नये म्हणून. हरबाने तो धोतराच्या निऱ्यांत आणखी घट्ट बांधला, वरून उपरणे गुंडाळले आणि आतले जे काय ते दबून राहावे म्हणून पेटीला अगदी कंबर चिकटवून बसला. व्यापारी जवळ आला की तो पेटीवर हात ठेवी. जेवायचासुद्धा तिथेच, निजायचाही तिथेच. गुरूलाही त्याने काही सांगितले नाही.

पुढे आभाळ भरून आले. ना सूर्य, ना तारे. वाराही धड एका दिशेने वाहीना. मग सुईचाच काय तो आधार उरला. हरबा दिशा सांगे आणि सुकाणूवरचा माणूस गलबत वळवी.

अशातच एका सकाळी पाण्याचा रंग निळ्याचा हिरवट झाला. पृष्ठभागावर साप वळवळताना दिसले. तांडेल कठड्याशी जाऊन ते सापच बघत राहिला. असे साप दिसणे म्हणजे किनारा जवळ आल्याची खूण, आणि किनारा तर दूर दूर असायला हवा होता. तेवढ्यात मळभ फाटले आणि सूर्य दिसला. पौषातला सूर्य आग्नेयेकडे कलून उगवतो. सुईचे म्हणणे होते, तो ईशान्येला उगवला आहे.

म्हणजे सुई चुकत होती. मस्कत एका बाजूला राहिली होती आणि गलबत काठेवाडच्या किनाऱ्याकडे, फिरंग्यांच्या ऐन गस्तीत चालले होते.

"मला वाटतच होते," हरबा उठून तांडेलाला म्हणाला. "ही सुई उत्तर दाखवत नाही, बाबा. फिरंग्यांचे आरमार दाखवते. हा त्यांचा माणूस आहे. माझा बाप असाच गेला. पेटी दर्यात टाका आणि याला होडीत घालून सोडून द्या. बोलावू दे त्याच्या लोकांना."

खलाशांनी व्यापाऱ्याचे दंड धरले. दोघे होडी सोडायलाही लागले. व्यापारी आधी काहीबाही बोलत राहिला, पण घाबरून त्याची होती नव्हती ती मराठीही आटली आणि तो आपल्याच भाषेत कुणाचे तरी नाव घेऊ लागला. मुलीचे असावे. तशा होडीतून कोण जिवंत परत येणार?

तांडेलाने हात वर केला. त्याने व्यापाऱ्याला एक शब्द विचारला नाही. आपल्या कमरेचा कोयता काढला आणि फळीवर ठेवला. म्हातारा हे काय करतो आहे, कुणाला कळेना. मग त्याने पेटी उचलली आणि एकटाच चालत पुढे, गलबताच्या नाळेच्या टोकाशी गेला.

"हरबा, तिथूनच सांग. सूर्य कुठे आहे?"

"उजव्या हाताला, बाबा."

"सुई आता त्याला आग्नेयेला म्हणते आहे. म्हणजे बरोबर सांगते आहे."

तांडेल परत आला आणि त्याने पेटी हरबाच्या पुढ्यात ठेवली. सुई थरथरली, फिरली आणि हरबाकडे टोक करून उभी राहिली.

"आता पेटीभोवती चाल."

हरबा चालू लागला. तो उजवीकडे सरकला, सुई उजवीकडे सरकली. तो मागच्या बाजूला गेला, सुई त्याच्या मागोमाग गेली. खलाशांनी व्यापाऱ्याचे दंड कधी सोडले, ते त्यांनाही कळले नाही.

"कमरेला काय आहे, बाळा?" तांडेलाने हळूच विचारले.

हरबाने उपरणे सोडले. निऱ्यांतून अडकित्ता काढला. "आईचा आहे," तो म्हणाला. "यानेच सांगितले होते लोखंड जवळ नको म्हणून. मला वाटले, भूत आहे, म्हणून भिते."

तांडेल त्याच्याजवळ बसला.

"तू संशय घेतलास याचा मला राग नाही. दर्यावर संशय हवाच. मीही पहिल्या संध्याकाळी सुई ध्रुवाशी ताडून पाहिली, तो संशयच होता. पण मी ती दुरून पाहिली. तू तिला कंबर लावून बसलास. बापाच्या मरणाचे दुःख तुझ्यापाशी आहे, आईची काळजी आहे, ती असणारच. पण ते सगळे कमरेला बांधून तू पारख करायला बसलास. मग सुई काय दाखवणार? तिने तुलाच दाखवले आणि तू म्हणालास, ही फितूर आहे."

हरबा उठला, गलबताच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि अडकित्ता दोरखंडाच्या वेटोळ्यात ठेवून आला. मग त्याने तांब्याभर पाणी व्यापाऱ्यापुढे धरले. व्यापारी पिऊन होईपर्यंत तांब्या हरबानेच धरून ठेवला.

"चुकलो," हरबा म्हणाला. "मुलीचे नाव काय?"

गलबत वायव्येला वळले. दुपारपर्यंत पाणी पुन्हा निळे झाले आणि साप मागे राहिले.

पुढे हरबा स्वतः मोठा तांडेल झाला. त्याची एक सवय किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होती. सुईपाशी जाण्याआधी तो कमरेवरून हात फिरवून लोखंड काढून ठेवायचा, त्यात नवल नाही. पण कुणी येऊन सांगितले की अमका माणूस फितूर आहे, तमका चोर आहे, तरीसुद्धा म्हातारा हरबा लगेच काही बोलत नसे. आधी त्याचा हात नकळत कमरेकडे जाई.