उंबऱ्याबाहेरचा विस्तव

आधी चहा प्या, मग काढा फोटो. इथल्या थंडीत कपातला चहा तुमच्या गप्पा संपेपर्यंत थांबत नाही. गवतावर ते पांढरं दिसतंय ना, मीठ सांडल्यासारखं? दव गोठलंय ते. महाराष्ट्राच्या पार उत्तरेच्या टोकाला, सातपुड्याच्या या माथ्यावर, पौषात एखाद्या वर्षी असं होतं. तुम्ही सगळे त्या गवतामागे धावलात, पण येताना घराघराच्या उंबऱ्याबाहेर खापर ठेवलेलं होतं ते कुणी बघितलं का? नाही ना! त्यात राखेखाली जिवंत विस्तव असतो. कडाका पडला की दिवस मावळायच्या आत तो बाहेर ठेवायचा आणि ज्याला लागेल त्याने न विचारता न्यायचा, अशी या पाड्याची रीत आहे. ती का पडली, तेवढं ऐकून जा.

काडेपेटी या डोंगरात आलीच नव्हती, तेव्हाची गोष्ट. या टेकाडावर थावरी नावाची बाई राहायची, असं सांगतात. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण. इथली चाल अशी, की थोरली पोरं लग्न झाल्यावर वेगळी होतात आणि धाकटा आईच्या चुलीपाशी राहतो. थावरीचा नवरा कधीच गेला होता. थोरला गिमा त्या समोरच्या खिंडीपलीकडे घर करून राहिला होता, आणि तेव्हा जवळपास दुसरं घर नव्हतं. धाकटा वेस्ता, त्याची बायको सायकी आणि अंगावर पिणारी नात, एवढाच काय तो थावरीचा संसार उरला होता.

पण एका चुलीपाशी दोन बायका! आज पेज पातळ झाली, उद्या सरपण ओलं आणलं. भांडण कशावरून सुरू झालं हे दोघींनाही आठवत नसे, पण थांबत मात्र नसे. शेवटी ज्वारी खळ्यातून घरात आल्यावर वेस्ताने ओढ्यापलीकडच्या उतारावर झोपडी बांधायला घेतली. धाकटा आणि वेगळा! थावरीच्या ते फार जिव्हारी लागलं. "जा, जा. चार दिवसांत याल परत," एवढंच ती म्हणाली. त्यांना जाताना बघायला ती दारात आली नाही, नातीला मांडीवर घेतलं नाही. नंतर मात्र दिवसभर त्या उताराकडे बघत बसायची, म्हणे.

त्या साली हिवाळ्याची तऱ्हाच वेगळी होती. मार्गशीर्ष सरला तरी घोंगडी काढायची वेळ आली नाही. मग भर पौषात आभाळ भरून आलं आणि पावसाने नुसता धिंगाणा घातला. वेस्ताचं छप्पर अजून अर्धंच शाकारलं होतं. चूल विझली, सरपण भिजलं, चकमकीचा कापूससुद्धा ओला झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला, आभाळ धुतल्यासारखं निरभ्र झालं आणि वारा असा काही सुटला, की जनावरं ओरडायला लागली.

वेस्ता खापर घेऊन आईच्या दारात आला.

"आय, विस्तव दे. पोरगी गारठलीय."

थावरीची गाय आदल्याच दिवशी व्यायली होती. गाय व्यायली की पाच दिवस घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, दिला तर दूध आटतं, असं तेव्हा सगळेच मानत.

"गाय व्यायलीय. विस्तव देता येत नाही," थावरी म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला दुधाची पडलेली नव्हती. तिच्या मनात वेगळंच होतं. चूल पेटली नाही की पोरीला घेऊन येतील झक मारत घरी, असं तिला वाटलं. फक्त 'तिघंही इकडेच या' एवढं काही तिच्या तोंडातून निघालं नाही. तेवढं निघालं असतं तर! आईच्या मागे चूल धडधडत होती. वेस्ता रिकामं खापर उचलून निघून गेला.

तो गेल्यावर थावरीने परातीत जास्तीचं पीठ घेतलं आणि तिघांच्या भाकरी थापल्या. कोपऱ्यात नातीसाठी वाकळ अंथरली. मग दारात येऊन बघत राहिली. दिवस मावळला तरी पलीकडच्या उतारावर धूर दिसेना आणि तिला बरंच वाटलं. आता येतील, आता येतील, असं म्हणता म्हणता चुलीच्या उबेत तिचा डोळा लागला.

उजाडलं तेव्हा डोंगर पांढरा पडला होता. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा तसं कधी बघितलं नव्हतं. आणि पलीकडच्या उतारावर सायकीच्या झोपडीतून धूर निघत होता. थावरी मनात चिडलीच. "कुठून आणला गं यांनी विस्तव? माझ्याकडे आले नाहीत ते नाहीतच!" तणतणतच ती ओढ्यात उतरली.

झोपडीपुढे गिमा उभा होता. जमिनीवर वेस्ताला निजवलेलं होतं. आईने नाही म्हटल्यावर तो खिंड ओलांडून भावाकडे गेला होता. गिमाने खापर भरून दिलं आणि सकाळी जा म्हणून विनवलं, पण पोरगी गारठलीय म्हणून तो लगेच माघारी फिरला. पहाटे गिमाला राहवेना म्हणून तो मागोमाग निघाला, तर वेस्ता खिंडीतल्या दगडाला टेकून बसलेला, अंगात एक बंडी. घोंगडी त्याने खापराभोवती गुंडाळली होती. माणूस गार पडला होता आणि विस्तव जिवंत होता. तोच आणून गिमाने चूल पेटवली. पोरगी वाचली.

थावरीने कपाळ बडवून घेतलं. "अरे, तिघांच्या भाकरी केल्या होत्या रे मी!" हे ती प्रत्येकाला सांगत राहिली, पण ज्याने ऐकायचं होतं तो गेला होता. सायकी तिला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं थावरीला मरेपर्यंत वाटलं, म्हणे. तिने आपल्या चुलीत पुन्हा कधी विस्तव राखून ठेवला नाही. रोज ओढा ओलांडून ती सुनेच्या दारात खापर घेऊन उभी राहायची. मागायला तोंड नव्हतं तिला. पुढे सायकीच दिवस मावळायच्या आत विस्तव उंबऱ्याबाहेर ठेवायला लागली, म्हातारीला उभं राहावं लागू नये म्हणून.

पुढे इथे घरं वाढली आणि बघता बघता सगळा पाडा तसंच करू लागला. आजही कडाका पडला की खापर बाहेर ठेवतात, गोठ्यात गाय व्यायलेली असली तरीसुद्धा. आणि ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनेच ठेवायचं असतं. आज मावळतीला थांबा, म्हणजे ऐकू येईल. खापर खाली ठेवून ती खिंडीकडे तोंड करते आणि मोठ्याने म्हणते, "ने रे पोरा. नाहीतर घरात ये, भाकरी झालीय."