वाढत्या मापाचे शिनगार्ड

मुलांचे कपडे वाढत्या मापाचे घ्यावेत, अशी आपली जुनी रीत आहे. क्रीडामंडळाचे अध्यक्ष भास्करराव इंगवले यांनी हॉकी खेळणाऱ्या मुलींसाठी शिनगार्डही त्याच रीतीने आणले. धाकट्या शर्वाणीच्या पायावर ते घोट्यापर्यंत घसरले आणि ज्या नडगीला चेंडूपासून जपायचे, तीच उघडी पडली. दुसऱ्या दिवशी तिचा पहिला सामना होता.

"साहेब, माझ्या मापाचे मिळतील का?" तिने विचारले.

"अगं, दोन वर्षे पुरायला नकोत? वाढशील की त्यात!" भास्करराव सर्वांदेखत म्हणाले. "नखरेच करायचे असतील, तर उद्या घरी बस."

शर्वाणीने हात जोडले. "आपली आज्ञा मान्य. हेच घालून खेळते. फक्त आपण मैदानावर या आणि चेंडूला सांगा, की पोरगी वाढेपर्यंत दोन वर्षे थांब."

मुली हसल्या. भास्करराव हसले नाहीत. त्यांनी वाकून त्या उघड्या नडगीकडे पाहिले.

"सगळ्याजणी दुकानात चला," ते हळूच म्हणाले, "पाय तिथेच मापू."

ईश्वराने प्रत्येकाला देह मापून दिला आहे. त्याचे रक्षण अंदाजाने करू नये.