डावी सीट

ही गोष्ट सांगायची म्हणजे माझ्या डोक्याला ताप. आजवर चौघांना सांगितली. चौघांनीही शेवटी तोंड वर करून विचारलं, "मग यातनं घ्यायचं काय?" ते मला ठाऊक असतं तर मी दुसरीतून शाळा सोडून पळालो असतो होय? आता नातसून म्हणते, लिहून तरी ठेवा. ठेवतो. मध्ये बोलू नका.

"चौदा सेकंद कुठं गेले, मिस्त्री?"

गाडीचं इंजिन अजून बंद झालं नव्हतं, तोवर धैर्यशील इंगवल्यानं हा प्रश्न टाकला. नमस्कार नाही, रामराम नाही.

दस्तगीर मिस्त्री ट्रकखाली उताणा पडला होता. तो लगेच बाहेर आला नाही. कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हाच त्याचा हात थांबला होता. पोरानं गाडीच्या मागं धुराचा नवा भोंग्यासारखा पाइप बसवलेला, गल्ली दणाणत होती. तरी त्या गोंगाटाखालचं इंजिन मिस्त्रीनं ओळखलं. गर्दीत आपल्या घरच्या माणसाचं खोकणं ओळखू यावं तसं.

बावीस वर्षांनी.

त्या काळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी भट्टीचा धूर आणि लेथवरच्या तेलाचा वास एकदमच नाकात शिरायचा. माणसं आवाजावरनं सांगायची, कुणाचं मशीन चालू आहे आणि कुणाचं बिघडलंय. आता तिथं काचेची दुकानं झालीत. होऊ देत. दस्तगीर शिकलगार तिथला जुना मिस्त्री. त्याचे बाप-आजे तलवारींना धार लावायचे. तलवारी गेल्या आणि याच्या वाट्याला इंजिनं आली.

तो बाहेर आला. गाडीकडं बघितलं.

दोन माणसांची बुटकी गाडी. छप्पर नाही, दार जेमतेम गुडघ्याएवढं. दौलतराव इंगवल्यांची. दौलतराव वर्षापूर्वी वारले, हे त्यानं ऐकलं होतं. मातीला मात्र तो गेला नव्हता.

"तू दौलतरावांचा."

"हो. धैर्यशील. पुण्याला इंजिनिअरिंग केलं." पोरानं खिशातनं कागद काढला. "वडिलांची वेळ आठ एकवीस. माझी आठ पस्तीस. गाडी तीच, घाट तोच. चौदा सेकंद कुठं गेले?"

इथं घाटाचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. तळकोंडीचा घाट, खालच्या नाक्यापासून माथ्यावरच्या सपाट दगडापर्यंत पाच मैल. वर्षाला एकदा मोटर क्लबाची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायचे. डाव्या सीटवर एक माणूस घड्याळ धरून बसायचा, आणि वर गेल्यावर तो जी वेळ सांगेल ती क्लब लिहून घ्यायचा. पंच नाही, फोटो नाही. माणसाच्या शब्दावर. खोटं बोलणारेही होते. पण त्यांना दुसऱ्या वर्षी कुणी गाडीत बसवून घेत नसे.

बावीस वर्षांपूर्वी दौलतरावांच्या डावीकडं दस्तगीर मिस्त्री बसला होता. आठ मिनिटं एकवीस सेकंद. क्लबाच्या भिंतीवर तसा फलक लागला. शर्यत बंद पडली, फलक राहिला.

"मोडायचीय व्हय ती वेळ?"

"मोडायचीय." पोरानं कागदाची घडी केली. "उभ्या जन्मात मला एकच वाक्य बोलले. ‘तुला जमायचं नाही.’ सायकल असो, गणित असो. एकदा त्यांना मागं टाकायचंय."

"मेलेल्या मानसाला?"

"जिवंतपणी गाडीला हात लावू दिला नाही. ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती."

मिस्त्री गाडीभोवती फिरला. दोन फेऱ्या घातल्या. मागच्या बाजूला डिकीवर एक भलंमोठं आडवं पातं बसवलेलं होतं, त्यावर बोट ठेवलं.

"ह्ये काय?"

"स्पॉयलर. वारा गाडीला खाली दाबतो त्यामुळं."

"घाटात किती पळतीया?"

"साठ… सत्तर."

"एवढ्यात वाऱ्याला कळत बी न्हाई तुला शेपूट हाय म्हनून. काढ."

पोराचे कान लाल झाले.

"स्प्रिंगा कापल्यास?"

"गाडी जमिनीला बसते. दिसायलाही…"

"घाटातल्या खड्ड्यात टायर उडतंय तुझं, आनि उडालेलं टायर रस्ता धरत न्हाई. नव्या स्प्रिंगा घाल, अखंड. टायर चांगलं घेतलंस. ब्रेकचं लायनर बी. कार्बोरेटर कुनी लावला?"

"मीच."

"बरा लावलास." मिस्त्रीनं एवढंच म्हटलं, पण पोराची छाती दोन बोटं पुढं आली. "त्यो भोंगा काढ."

"त्यानं ताकद वाढते, मिस्त्री. पुस्तकात आहे."

"तुझ्या कानात वाढतीया. तुझ्या बाच्या गाडीचा आर. पी. एम.चा काटा कधी चाललाच न्हाई. कानावर गिअर बदलायचा त्यो. तू आवाजानंच खूश व्हतोस, मग गिअर बदलायला उशीर."

बॉनेटवर दोन पांढरे पट्टे मारलेले होते. धैर्यशील त्यांच्यासमोर जरा आडवा उभा राहिला, चोरी लपवल्यासारखा.

"आणि हे पट्टे?"

"ऱ्हाऊ देत. झ्याक दिसत्यात."

"…त्यानं काय होतं?"

"काय बी न्हाई. पैलवानानं रेशमी लंगोट नेसला तर पट निघतोय व्हय? पर नेसू नये असं कुनी सांगितलंय?"

पंधरा दिवसांनी धैर्यशील परत आला. गाडी मुकाट आली, कोपऱ्यावर कुणी मान वळवली नाही. शेपूट गेलं होतं, गाडी चार बोटं उचलली होती.

"आठ सव्वीस."

"नऊ कमी झालं की."

"पाच राहिले." तो उतरला नाही. स्टिअरिंग धरून बसला. "मिस्त्री, मी गणित मांडून बघितलं. माझे टायर नवे, ब्रेक नवे, इंजिन त्या वेळेपेक्षा जोरकस. मी एकटा आणि त्यांच्या शेजारी एक माणूस. आठ एकवीस होऊच शकत नाही."

मिस्त्री गाडीजवळ आला.

"घड्याळ तुमच्याच हातात होतं."

"व्हय."

"वडील आदल्या वर्षी आठ चाळीसला पोचले होते. मी क्लबाच्या वहीत बघितलंय. एका वर्षात एकोणीस सेकंद? दोस्तासाठी माणूस थोडं इकडं-तिकडं करतो, मी समजू शकतो. पण मी क्लबाला सांगणार आहे. फलक उतरवा म्हणून."

शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू होता. तो थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मिस्त्रीच्या हातात पाना होता. त्यानं तो फडक्यानं पुसला. पुसलेलाच होता, पुन्हा पुसला. हेच शब्द त्यानं पूर्वी एकदा ऐकले होते. उलट बोलावं, दोन थोबाडीत द्याव्यात, असं मनात आलं. पण त्याचे डोळे पोरावर नव्हते. ते गाडीच्या आत, डाव्या अंगाला गेले होते. तिथं उघडा पत्रा आणि चार रिकामी भोकं.

"सीट कुठाय?"

"काढली. वजन कमी करायला. घरी अडगळीत आहे."

"घिऊन ये."

"मिस्त्री, मी काय म्हणतोय…"

"ऐकलं. सीट आन."

दुपारी सीट आली. उंदरानं एक कोपरा कुरतडला होता, आतला काथ्या बाहेर आला होता. मिस्त्रीनं कुणाला हात लावू दिला नाही. चार बोल्ट स्वतः आवळले. त्या सीटच्या पाठीला एका बाजूला खोलगट दाबलेली जागा होती. मिस्त्री बसला आणि त्याची पाठ त्या जागेत बरोबर गेली. पाठ आता वाकली होती, तरीही.

त्यानं खिशातनं पत्र्याची डबी काढली. डबीत फलालीन, फलालिनीत तेच शर्यतीचं घड्याळ.

"आज?" धैर्यशील म्हणाला. "तुमचं वजन धरलं तर मी आठ सव्वीसलासुद्धा पोचणार नाही."

"चल."

तळकोंडीच्या नाक्यावर ऊन उतरणीला लागलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मिस्त्रीनं कळ दाबली आणि गाडी सुटली.

पहिली दहा वळणं निघून गेली. पोरगं गाडी चांगली हाकत होतं, हे त्याला मानावं लागलं. हात बापासारखे होते. खालचा ओठ दाताखाली धरायची खोडही तीच. एका वळणावर मिस्त्रीला क्षणभर वाटलं, उजवीकडं वळून बघितलं तर तिथं दौलत असेल, डोक्याला मफलर गुंडाळलेला, ओरडून सांगत असेल, दस्तू, धर घट्ट…

त्यानं उजवीकडं बघितलं नाही.

अकराव्या वळणाच्या तोंडावर घाटजाईचं ठाणं आहे. शेंदूर फासलेली शिळा, वर पत्रा, एक घंटा. ते दिसलं तसं मिस्त्री म्हणाला, "पाय उचल."

"काय?"

"घाटजाई हाय. अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचल. हात जोड."

"वेळ चाललाय, मिस्त्री…"

"तुझ्या बानं उचलला व्हता."

पोराचा पाय आपसूक वर आला. उजवा हात कपाळाला लागला. मिस्त्रीनंही आपला हात छातीवर ठेवला. गाडीनं एक उसासा टाकला, नाक खाली केलं, आणि पाणी दगडाला वळसा घालतं तशी वळणाला लागून आत गेली.

रस्त्याच्या बाहेरच्या कडेला टायरांचे काळे ओरखडे होते. एकावर एक, थेट गटारापर्यंत. धैर्यशीलनं ते बघितले. ते त्याचेच होते, दर रविवारचे; इथं गाडी बाहेर फेकली जायची आणि ती सावरण्यात सेकंद जायचे. आज गाडी त्यांच्यावरनं गेली नाही.

वळण संपलं तेव्हा पुढचा चढ सरळ समोर उभा होता. त्यानं पाय दाबला.

"ते… दर वेळी हात जोडायचे?" त्यानं ओरडून विचारलं.

"कुठलं. देव-धर्म काय न्हवता त्येला. त्या येकाच दिशी."

"का?"

"आदल्या राती तुझी पाचवी पुजली व्हती. पाच दिसांचा व्हतास."

पुढच्या सगळ्या वळणांना पोरगं रस्त्याला डोळे लावून बसलं. गिअर मात्र कानावर बदलत गेलं.

माथ्यावरच्या सपाट दगडापाशी मिस्त्रीनं कळ दाबली. स्वतः घड्याळ बघितलं नाही. तसंच पोराच्या हातात दिलं.

"तूच बघ. मी सांगत न्हाई."

धैर्यशीलनं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. वारा होता, गवत एका बाजूला झोपत होतं. इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.

आठ बावीस.

त्या उरलेल्या एका सेकंदाबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

"फलक राहू दे," तो म्हणाला. घड्याळ परत दिलं आणि म्हणाला, "मिस्त्री…"

"हं."

"तुमच्या शब्दाला खोटं म्हटलं. चुकलं माझं. माफी असावी."

"दिली."

"इतक्यात?"

मिस्त्री दगडावर टेकला. गुडघे चोळले.

"हितंच उभा व्हता त्यो. मी सांगितलं, दौलत, आठ एकवीस. तर म्हनला, खुळा समजतोस व्हय मला? देवीपाशी पाय उचलला मी. पाय उचलून कुनाची वेळ कमी व्हती काय? दोस्तीसाठनं खोटं बोललास, दस्तू… क्लबानं माझा शब्द धरला. त्येनं न्हाई धरला."

"म्हणून गाडी झाकून ठेवली?"

"आनि माझं दार सोडलं. बावीस वरसं."

धैर्यशील पुढं आला. वाकला. मिस्त्रीच्या पायाकडं हात नेला.

"मग त्यांच्या वतीनं मीच माफी…"

मिस्त्रीनं त्याचा हात धरून बाजूला केला.

"तू कोन? दौल्यानं मागायची हाय ती. दौलत इंगवल्यानं."