हौसाच्या कपाटाची दांडी

"कपाटाला भोक पाडायच्या आधी विचारायचं तरी," हौसा म्हणाली.

"विचारलं होतं," मुकिंदा म्हणाला. "हमीदभाईंना. ते म्हणाले, अंगठा जाईल एवढं पाड."

तर एका गावात हा असा एक भोळा मुकिंदा होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं. घरात व्हिडिओ गेमचं यंत्र हवं म्हणून त्यानं बायकोचं माहेराहून आलेलं सागवानी कपाट रिकामं केलं आणि आत जुना टीव्ही बसवला. हौसाच्या साड्या गेल्या गव्हाच्या पोत्यात.

"रविवारी माझे भाऊ येतायत," ती म्हणाली. "तोवर खेळ चालला तर कपाट तुमचं. नाही तर ते उचलून नेतील."

राहिली होती फक्त जॉयस्टिक, म्हणजे पडद्यावरचं चित्र पळवायची दांडी. मुकिंदानं ती तालुक्याला हमीदभाईंच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून आणली. वर लाल गोळा होता म्हणून. दांडी होती एका अंगाला कललेली. चित्र निघालं ते थेट पडद्याच्या कडेला जाऊन चिकटलं.

तो दांडी परत घेऊन गेला तेव्हा हमीदभाई म्हणाले, "रंग काय बघतोस? दांडी कलती करायची, सोडायची. आपोआप मध्ये उभी राहिली तरच घ्यायची."

"कळलं," मुकिंदा म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

तिथून तो टीव्हीपुढं लावायची काच घ्यायला गेला. काच कलती केली. सोडली. ती काही उभी राहिली नाही.

"ही नको," तो काचवाल्याला म्हणाला. "दुसरी दाखवा."

तो रिकाम्या हातानं परत आला तेव्हा सगळं ऐकून हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, काच घरी न्यायची तर कापडात गुंडाळायची. वरून सुतळी गच्च आवळायची. जरा हलता कामा नये."

"कळलं."

चांगली दांडी घेऊन तो घरी आला. कापडात गुंडाळली, सुतळीनं आवळली, कपाटात बसवली आणि जोर लावत बसला. दांडी हलेना.

"पक्की बसलीय," तो खुशीत म्हणाला.

शेवटी हमीदभाईच घरी आले. काय करतील बिचारे, दुकानात रोज हे ध्यान बघण्यापेक्षा ते बरं. "सुतळी काढ आधी. आणि दांडी भोकाच्या कडेला अडतेय बघ. आडवं येईल ते कापून टाकायचं. रस्ता मोकळा."

"कळलं."

मुकिंदानं कड कापली. दांडी फिरली, चित्र पळालं. जन्मात पहिल्यांदा त्याला खरंच कळलं होतं. तिथंच घरावर संकट आलं.

रविवारी हौसाचे भाऊ बाकावर ओळीनं बसले. थोरला मान वाकडी करून म्हणाला, "दाजी, हा मधला खांब आडवा येतोय. दिसत नाही काही."

मुकिंदा उठला. करवत घेऊन आला.

थोरला तोंड उघडेपर्यंत खांब निम्मा झाला होता. आधी वरून धूळ आली. मग कौलं आली. मग आढं वाकलं आणि कपाटाच्या वर हातभर येऊन करकरत थांबलं.

"आता दिसतंय का?" मुकिंदानं विचारलं.

भावांनी खोकत खोकत कपाट उचललं आणि दाराकडे निघाले. मुकिंदा दारात हात पसरून उभा राहिला. "न्यायचं नाही. खेळ चालला तर कपाट माझं, असं ठरलं होतं."

"दाजी, छप्पर पडतंय."

"पडू दे. ठरलं ते ठरलं."

हौसानं पडलेली करवत उचलली, पदराला पुसली आणि शांतपणे त्याच्यासमोर आली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आडवे येताय."