पाडलेल्या पायऱ्या

एकदा एका तालुक्याच्या गावी, कागदाला उभं राहायला शिकवणाऱ्या एक माई राहत होत्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. देवघराशेजारच्या टेबलावर, संगणकावर आखलेल्या रेषेवरून कागद कापणारं त्यांचं छोटं मशीन असे, आणि दसऱ्याला पोथ्यांच्या जोडीनं त्यालाही हळदकुंकू लागे. माईंचं भेटकार्ड उघडलं की आतून कधी तुळशीवृंदावन उभं राही, तर कधी शिडाची होडी. ती कला शिकायला आळीतल्या चार बायका येत. त्यांतली सुलक्षणा फार मनापासून शिकणारी, आणि तितकीच उतावळी.

एका शनिवारी ती ओल्या हातांनीच धापा टाकत आली.

"माई, सोमवारच्या आत एक कार्ड हवंय. आमच्या इंदूताईंसाठी."

इंदूताई तिच्या थोरल्या जाऊबाई. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि दहावी राहिली ती राहिलीच. घरात सून आली, हात जरा मोकळे झाले, तेव्हा त्यांनी देवापुढे संकल्प केला आणि बाहेरून परीक्षेला बसल्या. पाच विषय सुटले. गणितात मात्र बावीस मार्क! पुन्हा बसण्याचा फॉर्म भरायला सोमवार शेवटचा, आणि ताई काही केल्या ऐकेनात.

"पुस्तकं रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलीत त्यांनी. त्यात आमच्या ह्यांना नको तिथं विनोद सुचतो. म्हणाले, 'वहिनी, आता थांबा, नातवाबरोबरच बसा परीक्षेला!' ताई हसल्या, पण जेवल्या नाहीत. त्यांना धीर येईल असं करायचंय. सहा विषय, सहा पायऱ्या, आणि सगळ्यात वर आमच्या ताई!"

"कर की," माई म्हणाल्या. "पण मशीनला घाई कळत नाही हो, आधीच सांगते."

तेच झालं. सुलक्षणाने संगणकावर पायऱ्यांची आकृती काढली आणि उत्साहाच्या भरात चारही बाजूंना कापाची रेष दिली. पातं सरसर फिरलं. कागद उचलला, तर साऱ्या पायऱ्या सुट्या होऊन खाली, आणि हातात नुसती सहा खिडक्यांची चौकट!

"अगं, पायऱ्यांनी घरच सोडलं!" माई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "दोन बाजू काप. वरची नि खालची नुसती दाबून घडी पाड. धरून ठेवणारं काही उरलं, तरच पायरी उभी राहील ना?"

दुसऱ्या खेपेला साधलं. सुलक्षणाने एकेक पायरी नखाने हळूच पुढे ओढली, घडी मोडली, आणि कार्ड काटकोनात उघडताच सहा पायऱ्यांचा शुभ्र जिना उभा राहिला. मग तिने नऊवारीतली एक इवलीशी बाई कापली, पावलं दुमडून वरच्या पायरीवर उभी केली. तिचा चेहरा आनंदाने फुलला.

"माई, बघा!"

माईंनी कार्ड हातात घेतलं. डोळे भरून पाहिलं. म्हणाल्या, "देखणं झालंय." आणि लगेच तळहाताने सगळ्या पायऱ्या दाबून सपाट केल्या. वरून एक जाड पोथी ठेवली. बाई तेवढी त्याआधीच अलगद काढून पाकिटात सुटी टाकली होती.

सुलक्षणा बघतच राहिली. "माई! अहो, काय केलंत हे? आता तर नुसता चरे पडलेला कागद दिसतोय. त्या म्हणतील, हिने अर्धवटच आणून दिलं!"

"म्हणू देत."

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही गं. जास्त झालं." माईंनी तिला जवळ बसवलं. "तू इतकी व्रतं करतेस. मला सांग, दुसऱ्याच्या नावाने आपण उपास धरू शकतो, पण त्याचा संकल्प आपल्याला करता येतो का? पूजेची तयारी आपण करावी, फुलं तोडून द्यावीत, दिव्यात तेल घालावं. हात मात्र जिचे तिनंच जोडायचे. तू ताईंना बांधलेला जिना देशील, तर त्या 'वा, सुरेख' म्हणतील आणि कपाटावर ठेवतील. कारण तो तू उभा केलेला असेल. आपण काप नीट द्यावेत, घड्या नीट पाडाव्यात. उभं करायचं काम त्यांच्या बोटांना राहू दे."

सुलक्षणाला पटलं, पण धीर होईना. तसाच सपाट कागद घेऊन ती संध्याकाळी जाऊबाईंसमोर बसली.

"हे काय गं? कोरंच दिलंस?" इंदूताईंनी कागद उलटा-सुलटा केला. अंगठा एका चिरेवरून फिरला आणि कागद किंचित पुढे आला. "अगंबाई!" त्यांनी चष्मा लावला. एक पायरी उभी राहिली. मग दुसरी. तिसरीला त्यांनी पदर खोचला. पाचवी झाली तेव्हा त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या.

सहावी मात्र येईना. पोथीच्या भाराखाली ती घट्ट बसली होती. ताईंनी नखाने ओढलं, फुंकर मारली. सुलक्षणाचा हात आपोआप पुढे झाला. "द्या, मी करते."

"हात नको लावूस!" इंदूताईंनी तिच्या बोटांवर हलकी चापटी दिली. "होतंय माझं."

सुलक्षणाने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. तिच्या लक्षात आलं, की माईंनी शिकवलेल्या कामांत हे सगळ्यात अवघड होतं.

ताईंनी अंबाड्यातला आकडा काढला, चिरेत सरकवला, आणि अगदी अलगद सहावी पायरी बाहेर आली. पाकिटातली बाई त्यांनी दोन बोटांत धरली, क्षणभर न्याहाळली, आणि पाचव्या पायरीवर उभी केली.

"वर ठेवा ना, ताई," सुलक्षणा म्हणाली.

"खोटं कशाला? अजून तिथं पोचलेय कुठे?" इंदूताई उठल्या. "त्या गठ्ठ्याची सुतळी जरा सोड. गणिताचं पुस्तक तळाशी आहे. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, सोमवारी सकाळी मला फॉर्म भरायला त्यानंच न्यायचं."