रामरायाचा शेला भिजला

तळकोकणात नदीकाठी माडवळ नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या राममंदिराच्या ओवरीत श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिकत. ऐकताना डोळे भरले तर खुशाल भरू द्यावेत!

गावात तुळाजी ठाकर नावाचा चित्रकथी होता. हाताने रंगवलेली रामायणाची चित्रे एकेक करून दाखवायची आणि गाऊन कथा सांगायची, हाच त्याच्या घराण्याचा धर्म. त्यासाठी देवळाच्या कोठारातून त्याला भात मिळे. ते भात साऱ्या गावाने घातलेले असे.

देवस्थानचे नवे कारभारी विसाजीपंत मात्र मोठे ताठ्याचे. रामाला चांदीचे मखर करायचे म्हणून त्यांनी तुळाजीचे भात बंद केले. वर चारचौघांत म्हणाले, "चित्रं नाचवणाऱ्याला गावानं का पोसावं? हातपाय धड आहेत, दगड फोड म्हणावं!"

तुळाजीची चूल पेटेना. चित्रकथ्यांची रीत अशी, की चित्रे जीर्ण झाली म्हणजे ती नदीत विसर्जित करायची. तुळाजी तर चित्रांची चांगली धडधाकट पोथी उराशी धरून ओवरीत आला. त्याला रडू आवरेना.

"म्हाराज, उद्यापासून खाणीर जातलंय. ही घरात रवली तर माझे हात दगडाक लागूचे नाय. हिका पाण्यात सोडतंय."

"बरं झालं, ब्याद टळली!" तिथेच बसलेले पंत हसले.

महाराज म्हणाले, "सोड बाळा, बेलाशक सोड. ज्याची कथा आहे तो बघून घेईल."

तुळाजीने ओवरीपुढच्या नदीत पोथी ठेवून वर धोंडा ठेवला मात्र, पुजारी ओरडत बाहेर आला, "पंत, धावा! देव ओलाचिंब झालाय!"

पंत धावले. नव्या चांदीच्या मखरात रामरायाचा शेला निथळत होता! पंतांनी नवा शेला घातला, तोही भिजला. छत कोरडे, भिंती कोरड्या. पंत धावत ओवरीत आले.

"महाराज, हे काय आक्रीत?"

"पंत, मखरात तुमची चांदी आहे. राम तुळाजीच्या पोथीत राहतो, आणि तिला आज तुम्ही पाण्यात घातलंत."

पंत सोवळ्यासकट छातीभर पाण्यात शिरले. धोंडा सारून त्यांनी पोथी वर काढली. काय वर्णावी ती कृपा! रंगाचा ठिपकासुद्धा हलला नव्हता.

काठावर आलेल्या महाराजांच्या पायांकडे ते वळले, तर महाराजांनी तुळाजीकडे बोट केले. सगळ्या गावादेखत, काठावरच्या चिखलात, पंतांनी त्या चित्रकथ्याच्या पायांवर डोके ठेवले.

"तुळाजी, कथा सांग. कोठार गावाचं आहे, ते बंद करणारा मी कोण?"